गावाला इतिहास सापडला

मुलांनो, हात बांधून बसा. फ्रान्स देशातल्या एका जंगलात एक छोटंसं बाजाराचं गाव होतं. दर मंगळवारी तिथे बाजार भरायचा. कधीपासून? ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं.

चौकात एक दगडी माप होतं. धान्य असो की फळं, माल त्यातच मोजायचा, असा रिवाज. ओदेत नावाची म्हातारी खार त्यात शिगोशीग अक्रोड भरायची आणि गिऱ्हाइकाच्या पिल्लांसाठी वर मूठभर टाकायची. गिऱ्हाईक खूश, ओदेतही खूश.

एकदा राजधानीहून एक विद्वान घुबड आलं. त्याने चष्मा पुसला, माप न्याहाळलं आणि ते किंचाळलं, "अरे, हे सहाशे वर्षांपूर्वीचं आहे!"

महापौर रानडुकराला आनंदाचं भरतं आलं. "म्हणजे आपल्यालाही इतिहास आहे!" दुसऱ्याच दिवशी मापाभोवती लाल दोरी आली. पाटी लागली : 'हात लावू नये.'

"अहो महापौर, मग मी अक्रोड मोजू कशात?" ओदेतने विचारलं.

"ओदेतमावशी, अक्रोड काय, दरवर्षी झाडाला लागतात. इतिहास लागतो का?"

ओदेतने घरचं पातेलं आणलं. ते गिऱ्हाइकांना लहान वाटलं. शेजारच्या सशाने टोपली आणली, तिला तर बूडच नाही म्हणे! कुणाचा कुणावर विश्वास राहिना. गिऱ्हाइकं नदीपलीकडच्या बाजाराला जाऊ लागली. तीन महिन्यांत चौक ओस पडला. ओदेतचं सगळं आयुष्य या चौकात गेलेलं; आता खायचं काय?

पण महापौर हुशार हो! त्याने रिकाम्या चौकाला तिकीट लावलं. पूर्वी इथे बाजार कसा भरायचा, ते पाहायला लांबलांबची जनावरं येऊ लागली. दाखवायला जाणतं कुणीतरी हवं, म्हणून ओदेतला नोकरी मिळाली. झालरीची टोपी घालून ती दोरीच्या अलीकडून नसलेले अक्रोड हवेतच ओतायची. जनावरं टाळ्या पिटायची. खरं सांगू? तिलाही मजा येऊ लागली.

एके दिवशी एका पाहुण्या अस्वलाने विचारलं, "आजी, खरे अक्रोड कुठे मिळतील हो?"

"नदीपलीकडे," ओदेत म्हणाली. "पण पाय उचल बाबा. तिथेही एक जुना दगड आहे, आणि आमचं घुबड सकाळीच तिकडे गेलंय."

तात्पर्य : चालत्या बाजाराचं कौतुक कुणाला नसतं. आधी तो नीट मोडावा, मग त्याचा अभिमान बाळगावा.