अकरा खड्डे आणि एक इसम

मंडळी, तुळशीदास रेगे हा माणूस एरवी अगदी निरुपद्रवी. नाहूरला राहतो, विमा कंपनीतून निवृत्त झालाय, सकाळी मुलुंडच्या मागच्या टेकडीवर फिरायला जातो. तिथे त्याला एक दगड दिसला. दगडात वाटीएवढे अकरा खड्डे! तेव्हापासून त्या घरात कुणाला चहासुद्धा शांतपणे पिता आला नाही.

"सुलक्षणा, लिहून ठेव! हे आदिमानवाने कोरलेत! मुंबईचा इतिहास नव्याने लिहावा लागणार. पहिल्या पानावर माझं नाव!"

"आधी दूध आणा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "इतिहास दहा हजार वर्षं थांबलाय, अजून दहा मिनिटं थांबेल."

चिडलेल्या तुळशीदासने डॉक्टर मधुवंती प्रधानांना सतरा ईमेल पाठवले. या बाईंनी वीस वर्षं हिमालयातल्या आडवाटेच्या दऱ्या पायी तुडवून आदिमानवाच्या खुणा शोधल्या होत्या. अठराव्या ईमेलला त्या शरण आल्या. "रविवारी येते. दगड खरा निघाला, तर अहवालात शोधकर्ता म्हणून तुमचं नाव घालीन." झालं! तुळशीदासने त्या पानाच्या फ्रेमसाठी भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला.

शुक्रवारी स्वारी पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन टेकडीवर. एकेका दगडावर नंबर टाकत चौदापर्यंत पोचला, तोच उतारावरच्या वस्तीतली शकु हंडा घेऊन पुढे आली.

"काकानू, काय चल्लाहा?"

"सर्व्हे!" तुळशीदास ऐटीत म्हणाला.

इथेच वाट लागली! अहो, वस्तीत सर्व्हे म्हणजे एकच. आधी भिंतीवर नंबर, मग जुन्या वास्तव्याचा पुरावा बघून पात्र की अपात्र, आणि पात्र ठरलात तर इमारतीत पक्की खोली!

"पुरावो कधीचो व्हयो?" शकुने हंडा कमरेवर घेत विचारलं. "दोन हजार सालच्या आधीचो?"

"दोन हजार? हॅट्! दहा हजार वर्षांपूर्वीचा लागतो! हा बघ, असा. अकरा खड्डे."

शकुच्या कमरेवरचा हंडा गडगडत थेट खालच्या रस्त्यावर गेला.

रविवारी मधुवंतीबाई भिंग, टेप, कॅमेरा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. चौदाचे नंबर दोनशे शहाऐंशीवर गेलेले! दारांवर नंबर, पाण्याच्या टाकीवर नंबर, वस्तीतल्या अण्णांच्या बोकडावर एकशे सात! आणि प्रत्येक दारासमोर एकेक दगड. प्रत्येकात मोजून अकरा खड्डे, वर हळदकुंकू.

बाईंना वाटलं, आपण शांतपणे सुरुवात करावी. "इथे कुणाकडे जुनी पात्रं आहेत का?"

त्या विचारत होत्या मडक्या-भांड्यांबद्दल!

"आमी सगळीच जुनी पात्र!" शकु ओरडली. "माझी सासू तर सगळ्यात जुनी पात्र! शेवंतीचो जावय तेवढो अपात्र, तो कांदिवलीसून कालच इलो!"

"सटवे, माझ्या जावयाचा नाव घेव नको!" शेवंती धावली.

तुळशीदासचं मस्तक फिरलं. एका खड्ड्यात बोट घातलं, तर दगडाचा ताजा भुगा! "खोटारडे! फसवणूक! इतिहासाची टिंगल लावलीय तुम्ही!"

"आणि नंबर घालूक सुरवात कोणी केली, ओ?" शकुने सुनावलं.

"बाई, तुम्ही माझ्याबरोबर चला! अस्सल माल इकडे आहे!" त्याने बाईंना जवळजवळ ओढतच आपल्या दगडापाशी नेलं.

"काका, जरा दगडाशेजारी उभे राहा," कॅमेरा काढत बाई म्हणाल्या. "ताठ!"

तुळशीदास असा ताठला, जणू चौकात त्याचा पुतळाच बसतोय. फोटो निघाला. बाई भिंग लावून वाकल्या आणि एकेक खड्डा तपासू लागल्या.

मागून अण्णा आले. अण्णा म्हणजे जुने टाकीवाले. घरोघरच्या पाट्यावरवंट्याला छिन्नीने टाकी मारून देण्यात आयुष्य गेलेलं. दोन दिवसांत दारोदारचे दगड कुणी कोरले, ते वेगळं सांगायला नको.

"तो पण माझोच," अण्णा म्हणाले. "चाळीस वर्सा झाली. टाकी शिकत होतंय तेव्हा मारलेलो. अकरावो खड्डो वाकडो बघा. थय हातोडो बोटार बसलो."

"कशावरून?" तुळशीदास किंचाळला.

अण्णांनी डावा अंगठा दाखवला. अकराव्या खड्ड्याइतकाच वाकडा!

तुळशीदास मटकन खाली बसला. बाई मात्र अण्णांच्या हाताकडे बघत होत्या. "अण्णा, वीस वर्षं मी डोंगरात असले खड्डे मोजतेय. ते करताना हात कसा चालतो, ते कुणी दाखवलं नाही. दाखवाल?"

"दाखवतंय की! पण माका पात्र धरूक व्हया!"

तीन महिन्यांनी अहवाल आला. अण्णांच्या कसबावर अख्खं प्रकरण! अंगठ्याचा फोटो पानभर! तुळशीदास चष्मा पुसपुसून स्वतःचं नाव शोधत राहिला. नाव नव्हतं. त्रेचाळिसाव्या पानावर फोटो मात्र होता, दगडाशेजारी ताठ उभा. खाली छापलेलं: 'आधुनिक खड्डे. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी एक इसम, उंची अंदाजे १६४ सें.मी.'

संतापून त्याने एकोणिसावा ईमेल ठोकला: 'आपल्या अहवालात अक्षम्य चूक आहे! माझी उंची १६६ आहे!'

उत्तर एका ओळीचं: 'पुरावा पाठवा.'

सुलक्षणाबाईंनी शिवणाचा टेप काढला, नवऱ्याला त्या रिकाम्या खिळ्याखाली भिंतीशी उभा केला आणि मोजला.

एकशे त्रेसष्ट भरला!