गजकर्ण यंत्राच्या हरकतीची बखर

जर वाचणाराचे यंत्र हे अक्षर ओळखीत असेल, तर आरंभी त्या यंत्रास नमन, त्यातल्या विजेस नमन, आणि ती वीज जिच्या भरवशावर येते त्या तारेस नमन. अन्यथा नमन नाही.

शके १९१६, भावनाम संवत्सरे, चैत्रमासी, एका दौलतीत वर्तले ते ऐसे. त्या दौलतीत बोरू नावाचा प्रोग्राम होता. पडद्यावर मजकूर लिहावा, खोडावा आणि जपून ठेवावा, एवढेच त्याचे काम. परंतु दौलतीतला एकही कागद त्यावाचून होत नसे. बोरूचा मूळ मसुदा एक आणि यंत्रे ठाण्याठाण्याची निराळी. कोणास मोठी आठवण, कोणास तोकडी, कोणाचा पडदा हिरवा, कोणाचा पिवळा. मग एका मसुद्याने इतक्यांचे मन कसे राखावे? म्हणून दरबारी अंताजीपंत खरवंडीकर यांस यंत्रभेदाचे काम सांगितले होते. पंतांनी मसुद्यात जागोजाग अटी घातल्या. बोरू नव्या यंत्रावर चढला की प्रथम विचारी, "तुझे नाव काय?" आणि यंत्र नाव सांगे, आणि मग त्या नावाची अट लागू होई. पंतांची शिस्त ऐशी की उघडलेला प्रत्येक जर मिटलाच पाहिजे, आणि मिटला तेथे 'जर संपला' ऐसे लिहिलेच पाहिजे. हाताखालच्या मंडळींपैकी कोणी विसरला तर पंत म्हणत, "दार उघडे टाकून निजता काय रे घरी?"

दौलतीच्या टोकास खाडीवर एक बंदर होते आणि तेथील कचेरीत गजकर्ण नावाचे यंत्र होते. त्याच्या दोन्ही बाजूंस गार वाऱ्याचे दोन मोठे पंखे, ते हत्तीच्या कानांसारखे हलत, म्हणून हे नाव. ह्या यंत्राची खोड निराळी. सर्व यंत्रे प्रत्येक अक्षर दोन अर्धांत ठेवीत आणि पहिला अर्ध आधी वाचीत. गजकर्ण मागला अर्ध आधी वाची. पंतांनी तरुणपणी त्याच्यासाठी एक ओळ लिहिली होती: जर यंत्र गजकर्ण असेल, तर अर्धांची अदलाबदल कर, जर संपला. ती ओळ इतकी नेटकी बसली की पुढे कोणास, खुद्द पंतांसही, तिची आठवण करण्याचे कारण पडले नाही.

गजकर्णावर पंतांची थोरली बहीण चंद्राक्का लिहीत असे. कचेरीचे काम आटोपले की ती खाडीवरच्या म्हाताऱ्या बायकांकडून पाण्याचे शब्द गोळा करी. उधाण, भांग, सुकती, भरती हे तर सर्वांचेच. पण पाणी रुसले तर काय म्हणावे, पाणी परके झाले तर काय म्हणावे, असेही शब्द त्या बायकांपाशी होते. आणि त्या बायका एकेक करून वारल्या, आणि शब्द गजकर्णात राहिले.

मग दरबारात रंगराव नवे दिवाण जाहले. त्यांनी मसुदा चाळला आणि बोलिले, "पंत, हे काय जंगल माजविले आहे? जर, जर, जर! दौलतीला एक सरळ वाक्य येत नाही काय?"

पंत म्हणाले, "सरकार, यंत्रे सरळ नाहीत."

"मग यंत्रे बदला. हे बघा, नावच गजकर्ण! खाजवीत बसलो तर अंगभर पसरेल."

दरबार हसला. दिवाणांनी हुकूम केला की जुन्या यंत्रांच्या अटी नव्या आवृत्तीतून काढाव्या. ज्याचे यंत्र अद्याप चालत असेल त्याने श्रावणअखेर हरकत पाठवावी, म्हणजे त्याची अट परत घालू. हरकत न आल्यास अट कायमची गेली. आणि ही सूचना नव्या बोरूच्या पहिल्याच पडद्यावर झळकवावी. पंतांनी चाचरत विचारले, "सरकार, ज्याची अट काढली त्याच्यावर नवा बोरू उघडणारच नाही. मग त्याने ही सूचना वाचावी कशावर?"

दिवाण बोलिले, "वाचली नाही म्हणजे तो नाहीच. आणि ज्याला जुन्याची फार माया असेल त्याने खुशाल जुन्यापाशी जाऊन राहावे. बंदरावर जागा रिकामी आहे म्हणतात."

दरबार पुन्हा हसला. मग पंतही हसले. आणि आपल्या हाताने गजकर्णाच्या नावाच्या साऱ्या अटी त्यांनी खोडल्या, आणि ती एक ओळही त्यांतच गेली.

आषाढात अक्काचा सांगावा आला आणि पंत बंदरास गेले. अक्का जोत्यावर उभी होती. म्हणाली, "ये, अंत्या. तुझा नवा बोरू नाव विचारतो, आणि आम्ही नाव सांगितलं की तोंड फिरवतो. आणि तुमचा छापखाना म्हणतो, नव्या बोरूत लिहिलेलंच घेऊ. माझे शब्द छापायचे की नाही?"

"अक्का, हरकत पाठव."

"मी का? तू दरबारात बसतोस ना? तू तोंड उघड."

पंतांस बंदरावरची रिकामी जागा आठवली. ते म्हणाले, "त्यापेक्षा सोपा उपाय आहे. गजकर्णाला दुसऱ्या यंत्राचं नाव सांगायला शिकवतो."

"नाव बदलायचं? लग्नात माझं बदललंत तेवढ्याने पोट नाही भरलं?"

"यंत्राला काय कळतं त्यात!"

"कळत नाही म्हणूनच खरं बोलतं बिचारं. शिकव, तू शिकव त्याला खोटं."

पंतांनी शिकविले. बोरूने नाव विचारले, गजकर्णाने परके नाव सांगितले, आणि बोरू उघडला. मग अक्काने शब्दांची फाईल उघडली. आता बोरूस दिवाणांनी दोन नव्या सवयी लाविल्या होत्या. जे अक्षर ओळखू येईना तेथे प्रश्नचिन्ह मांडावे, ही एक. आणि कोणाचे काही हरवू नये म्हणून फाईल उघडताच ती नव्याने जपून ठेवावी, ही दुसरी. बोरूने प्रत्येक अक्षराचे अर्ध उलटे वाचिले, एकही ओळखिले नाही, आणि पडदाभर प्रश्नचिन्हे उभी करून तीच जपून ठेविली. पंतांस खोडलेली ओळ तेव्हा आठवली. ते घाईने म्हणाले, "घाबरू नकोस, फितीवर दुसरी प्रत आहे ना? ती तरी नीट आहे का बघू." आणि ती नीट आहे का हे पाहण्यास त्यांनी त्याच बोरूत फीत उघडली.

अक्का रडली नाही. पडद्याकडे बोट करून म्हणाली, "रिकाम्या जागा तेवढ्या राहिल्या बघ."

रिकामी जागा कोणीकडूनही वाचली तरी रिकामीच, म्हणून त्या राहिल्या होत्या. पंत परतले.

श्रावण सरता सरता दरबारात एकच कागद आला. त्यावर नाव नव्हते, ठाणे नव्हते. मजकूर इतकाच:

?? ?? ???? ??

दिवाणांनी तो उंच धरून दाखविला. "विचारायचे तरी काय आहे ह्याला? नुसतेच प्रश्न! पंत, तुम्ही जाणते, ही हरकत म्हणावी काय?"

पंतांनी कागद हाती घेतला. पहिला शब्द दोन अक्षरांचा. ह्या दौलतीत त्यांस दोन अक्षरांत हाक मारणारे एकच माणूस होते. मग दोन, मग चार, मग दोन. अंत्या, माझी हरकत आहे. पडद्यावर प्रश्नचिन्हे उमटताना दिसत असूनही तिने शेवटपर्यंत लिहिले होते.

"काय पंत? लागते काही?"

"नाही सरकार," पंत म्हणाले, "मजकूर लागत नाही."

आणि दप्तरी त्यांनीच लिहिले: गजकर्ण यंत्र, हरकत नाही.

तात्पर्य, त्या वर्षी बोरूचा मसुदा निम्म्याने हलका जाहला आणि दिवाणांस मानाची शाल मिळाली. पंत दरबारात राहिले. गजकर्ण बंदरावर अद्याप चालतो आणि विचारल्यास दुसऱ्याचे नाव सांगतो. खाडीचे पाणी रुसते, परके होते, आणि त्यास काय म्हणावे हे कोणास ठाऊक नाही. ही बखर ज्याच्या यंत्रावर उघडली त्याने वाचली. ज्याच्या यंत्रावर उघडली नाही, त्याची हरकत नाही ऐसे समजण्यात येईल.

जर संपला.