दोन दारांमधली पगडी

इटलीतल्या ब्रेशा शहराच्या अजैबसिंगांनी लेकीसाठी आतापर्यंत आलेलं प्रत्येक स्थळ पगडीवरून मोडलं होतं. एकाच्या पगडीच्या घड्या सैल होत्या, एकाची पगडी डाव्या कानावर झुकली होती. एकाची मात्र इतकी नीट बसली होती की "हा दिवसभर आरशासमोरून हलायचा नाही," असं म्हणून त्यांनी तोही नाकारला. आणि आज, रविवारी, पाळी निर्वैरसिंगची होती.

निर्वैरला ही मुलगी हवी होती. प्रभलीन गेल्या बैसाखीला गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या वाढत होती. त्याने ताट पुढे केलं तेव्हा ती म्हणाली होती, "तिसऱ्यांदा येताय. भूक आहे की दुसरं काही?" तेव्हापासून तो कामाला होता त्या गोठ्यात त्याचं लक्ष नव्हतं. गाई त्याच्याकडे संशयाने बघू लागल्या होत्या.

पहाटेचं दूध काढून तो घरी आला, न्हाला आणि डोक्याला कामावरचा लहान फडका गुंडाळून त्याने मरून पगडीचं कापड काढलं. बाकीच्या पगड्या धुऊन गॅलरीत ओल्या लटकत होत्या. पगडी बांधायच्या आधी पूणी करावी लागते, आणि तिला दोन माणसं लागतात: दोघांनी दोन टोकं धरायची, कापड ताणायचं आणि लांबीभर घडी घालत आणायची. दुसरं टोक धरणार होता त्याच्याबरोबर राहणारा लखवीर. तो अजून गोठ्यातून परतला नव्हता.

"कुठे मेलास?" निर्वैरने फोनवर विचारलं.

"गाय अडलीय. वासरू उलटं आहे."

"आजच?"

"थांब, तिलाच विचारून सांगतो," म्हणून लखवीरने फोन ठेवला.

निर्वैर खोलीत दोनदा इकडून तिकडे फिरला आणि बाहेर आला. तिसऱ्या मजल्यावर दोनच घरं होती. लांबट व्हरांड्याच्या दोन टोकांना समोरासमोर दोन दारं, मध्ये जिना. दोन्ही दारांच्या मधोमध पितळेची भक्कम मूठ. समोर पिएरीना आजी राहायच्या; तो त्यांना इथल्या भाषेत नोन्ना, म्हणजे आजी, म्हणायचा. रविवारी या वेळी त्या चर्चमध्ये असत. निर्वैरने कापडाचं एक टोक त्यांच्या मुठीला बांधलं, दुसरं हातात घेतलं आणि शांतपणे घडी घालत निघाला. व्हरांडा जणू पगडीचं माप घेऊनच बांधला होता.

शेवटची घडी बसली आणि आत फोन वाजला. पगडी जमिनीवर ठेवायची नसते. म्हणून त्याने हातातलं टोक आपल्या दाराच्या मुठीला गच्च बांधलं, कापड ताणत दार जेमतेम ढकललं, अंग चोरून आत शिरला आणि फोन उचलला. गॅलरीतून वारा आला आणि मागे दार धाडकन लागलं.

फोन अजैबसिंगांचा होता. "ठरलं तसं गुरुद्वाऱ्यात भेटत नाही आम्ही. तुझ्या घरीच येतो, जवळच आहोत. माणूस कसा राहतो ते तिथेच कळतं."

"हो, दारजी."

"दारजी? एवढ्यात बाप केलंस मला? सध्या अंकलजी म्हण."

निर्वैरने घाम पुसला आणि दार ओढलं. ते बोटभर उघडलं आणि अडलं. त्याने जोर लावला, तशी समोरून आरोळी आली.

"कोण आहे? माझं दार कोण ओढतंय?"

पिएरीना आजी घरातच होत्या. चर्चची वेळ त्या दिवशी पुढे गेली होती.

दोन्ही दारं आत उघडणारी होती आणि आता एकमेकांना बांधलेली होती. गाठी आवळून आणि कापड ताणून दोघांच्या वाट्याला मिळून वीतभर मोकळीक होती. ती एकाने घेतली की दुसऱ्याला काही उरत नव्हतं. आजींनी ओढलं की निर्वैरचं दार त्याच्या तोंडावर बंद होई. निर्वैरने ओढलं की आजी ओरडत.

"नोन्ना, मी आहे, सिंग! ओढू नका! गाठ बसतेय!"

"सिंग, तू मला घरात बांधलंस? आज धर्मग्रंथ मी वाचायचाय! मी पोचले नाही तर ती इनेस वाचेल!"

"पाचच मिनिटं, नोन्ना!"

"इनेसला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा ती लावत नाही! काय वाट्टेल ते वाचते!"

मग आजींच्या दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात शिवणाची मोठी कात्री होती.

"नको!" निर्वैर किंचाळला. "कापू नका! माझ्या आईने पाठवलेली पगडी आहे! त्यापेक्षा मला कापा!"

नेमके तेव्हाच अजैबसिंग जिना चढून वर आले. मागे प्रभलीन होती. समोर व्हरांडाभर ताणलेली पगडी, एका फटीत कात्री, दुसऱ्या फटीत भावी जावयाचा एक डोळा.

"सत श्री अकाल, अंकलजी," डोळा म्हणाला.

अजैबसिंग आधी आजींच्या दाराशी गेले. "बाई, कात्री आत. आणि दार ओढू नका, बाहेर ढकला! ओए, तू पण ढकल! पूर्ण बंद करा दोघांनी!"

"उघडायचंय ना मला!" आजी म्हणाल्या.

"म्हणूनच बंद करा!"

प्रभलीनने कात्री अलगद काढून घेतली. दोन्ही दारं लागली आणि कापड सैल पडलं. बापाने एक गाठ धरली, लेकीने दुसरी. नखांनी, दातांनी, शेवटी एकदाच्या सुटल्या. आजी हॅट सावरत जिन्याकडे धावल्या. "सिंग, इनेसने वाचलं असेल तर तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही!"

निर्वैर दारात आला तेव्हा अजैबसिंग कापडाकडे बघत होते. ओढाओढीत घड्यांचा चोळामोळा झाला होता. त्यांनी एक टोक ओढलं, प्रभलीनने दुसरं. एक झटका, एक घडी, पुन्हा झटका. दोघं सवयीने एकमेकांकडे सरकत आली आणि पूणी तयार झाली. इतकी सरळ पूणी निर्वैरने कधी पाहिली नव्हती.

"दाराला बांधतो!" अजैबसिंग म्हणाले. "घरात माणूस नाही?"

"गाय अडलीय, अंकलजी."

"हा नाही चालायचा," ते लेकीला म्हणाले.

"दारजी, आता खरं सांगून टाका," प्रभलीन म्हणाली. "आलेल्यांतल्या एकाच्याही पगडीत खोट नव्हती. आई गेल्यापासून तुमचं दुसरं टोक मी धरते. मी गेले तर कोण धरणार, एवढीच काय ती खोट."

अजैबसिंगांनी पूणी निर्वैरच्या हातात दिली. निर्वैरने पगडी बांधली. ती किंचित डावीकडे झुकली. अजैबसिंगांनी पाहिलं आणि नजर वळवली. चहा झाला. निर्वैर साखर ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

मग अजैबसिंग उठले आणि बाहेर गेले. झालं, निर्वैरला वाटलं. पण जिन्यावर पावलं वाजली नाहीत. तो उठून बघायला गेला. अजैबसिंग पिएरीना आजींच्या दाराशी उभे होते. त्यांनी पितळेची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ओढून पाहिली. मग पाय रोवून पुन्हा ओढली.

"हलत नाही," ते म्हणाले. "एवढी ओढाताण झाली तरी."

"जुनी आहे. पक्की आहे."

"ब्रेशात मिळेल अशी?"

"नाही मिळाली तर मी आणून बसवून देईन," निर्वैर म्हणाला. "तुमच्या खांद्याच्या उंचीला, दारजी."

या वेळी त्याला कुणी थांबवलं नाही.