निसार सर पास करतात

निसार सरांइतका मुद्दाम ढ माणूस आमच्या शहरात दुसरा नसेल.

शाळेत पी.टी. शिकवून ते रिटायर झाले आणि त्यांना क्लास तपासायचं वेड लागलं. पैठण रोडच्या बाजूनं शहर वाढत गेलं, तसे आमच्या कॉलनीभोवती क्लासही उगवले. स्कूटीचा, केकचा, योगाचा, इंग्रजी बोलायचा. फुकटच्या पहिल्या तासाला सर हजर. तिथं जाऊन ठरवून सगळ्यात मूर्ख चूक करायची. स्कूटीच्या क्लासात हॉर्नला ब्रेक म्हणाले. केकमध्ये साखरेऐवजी मीठ ओतलं. मग शिकवणाऱ्याकडे टक लावून बघायचं. तो हसला की नापास. ओरडला, तरी नापास. "वहिनी, हुशार पोराला कुणीबी शिकवतो," मला म्हणायचे. "ढ माणसाचं काय करतो, ते बघायचं." केकवाल्या बाईंनी त्यांचा फोटो दारावर लावायचाच काय तो बाकी ठेवला होता.

आमची दारं समोरासमोर. बायको गेल्यापासून त्या घरात सर आणि मुलगी तबस्सुम, दोघंच. रविवारी सकाळी मसुरीची खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा सर स्वतः करायचे आणि फोडणीचा वास माझ्या हॉलपर्यंत यायचा.

तबस्सुमनं चितेगावच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि समुद्रावर जाऊन काइटसर्फिंग शिकून आली. म्हणजे कमरेच्या पट्ट्याला भलामोठा पतंग जोडायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून घसरत सुटायचं. आल्यावर धरणाच्या फुगवट्यावर तिनं नवशिक्यांचे तास सुरू केले. पण ती वर्षं दुष्काळाची. आमच्या नळाला आठवड्यानं पाणी, आणि धरणाचा काठ रोज मागं सरकत होता. तेवढ्यात तिला दक्षिणेतल्या समुद्रकाठच्या एका शाळेतून शिकवायला बोलावणं आलं.

सरांनी अट घातली. "तुझ्या हाताखाली पहिला धडा मी शिकणार. नापास केलं, तर जायचं नाय."

"मंजूर," ती म्हणाली. "पण अब्बा, पेपर खरा तपासायचा."

जिन्यात मला गाठून सर हळूच म्हणाले, "नापासच करणार आहे, वहिनी. पोरगी इतक्या लांब गेली, तर मी काय भिंतींशी बोलू?"

मला रागच आला. "मग परीक्षेचं नाटक कशाला?" असं मी तोंडावर विचारलं. त्या रविवारी मीच त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. म्हटलं, साक्षीला कुणीतरी हवं.

पाणी सरकून उघड्या पडलेल्या जमिनीवर तास होता. सरांनी हेल्मेट उलटं घातलं. तिनं न बोलता सरळ केलं. वारा कुठून येतो, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. तिनं दर वेळी सांगितलं, आणि शेवटी त्यांच्या हातात चिमूटभर माती देऊन म्हणाली, "ही सोडा आणि तुम्हीच बघा." सरांचा चेहरा पडला. नापास करायला जागाच मिळेना.

मग पतंग वर गेला. त्याच्या दोऱ्या एका दांडीला बांधलेल्या आणि दांडी सरांच्या हातात. दांडी ओढली की पतंगाचा जोर वाढतो, सोडली की तो लुळा पडतो, हे तिनं आधीच बजावलं होतं. वाऱ्याचा झोत आला, पतंग डुलला आणि सरांनी दांडी छातीशी ओढली. जन्मभर संक्रांतीला गच्चीवर पेच लावलेला माणूस. पतंग डुलला की खेचायचं, एवढंच त्या हातांना ठाऊक. सर गाळातून पाण्याकडे फरफटत निघाले.

तबस्सुम धावली. मागून त्यांचा पट्टा धरला आणि टाचा रोवून खाली बसली. आवाज जराही चढला नाही. "अब्बा, मी धरलंय तुम्हाला. आता सोडा."

सर सोडेनात.

"मागं मी आहे. सोडा."

सोडली. पतंग हळूच खाली बसला. बाकीचे शिकाऊ फिदीफिदी हसत होते. ती त्यांच्याकडे वळली. "हसू नका. आपण सगळे गच्चीवर शिकलेलो. तुमचंही हेच होणार."

परतताना गाडीत मी विचारलं, "ही चूकही मुद्दाम?"

"नाय वहिनी. ही खरी होती."

कॉलनीच्या गेटपाशी टँकर लागला होता. रांगेतल्या एकानं विचारलंच, "काय सर, नापास ना? पोरीच्या जातीला समुद्र कशाला पाहिजे?"

गाळानं माखलेले सर गाडीतून उतरले. "पास! पैकीच्या पैकी! जाणार, समुद्रावरच जाणार, लई लांब जाणार! कुणाला काय करायचं ते करा!" टँकरची नळी धरलेला माणूस इतका दचकला, की बादलीऐवजी त्यानं स्वतःच्या चपला भरल्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

तबस्सुम गेली. पुढच्या रविवारी सकाळी सर माझ्या दारात, हातात रिकामं पातेलं.

"वहिनी, एकट्यापुरती खिचडी कधी केलीच नाय. किती टाकायचं, शिकवा. माझा पहिलाच धडा आहे."

मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. सरांनी तांदूळ टाकले, मसूर टाकली, आणि पातेलं नेहमीइतकंच भरलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ढपणा मुद्दाम नव्हता. मी हसले नाही, ओरडले नाही. थोडं परत काढा, एवढं सांगायचं होतं, तेही जमेना.

"असू द्या तेवढंच," मी म्हटलं. "आज मी इथंच जेवणार आहे."

सरांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "तुम्ही नापास, वहिनी," म्हणाले, आणि दोन ताटं मांडली.