दोन हात जागा

आमच्या महादूकाकांची सायकल आडवी वाढलेली आहे. म्हणजे चाकं दोनच, घंटी एकच, पण मागच्या कॅरेजला उजव्या बाजूनं एक तुराटी बांधलेली. तूर काढल्यावर उरते ती वाळकी काडी. बरोबर दोन हात बाहेर आलेली. तिच्या टोकाला चिंधी, आणि ती चिंधी रोज सकाळी गेरूत बुचकळलेली. जी गाडी दोन हातांच्या आतून जाईल तिच्या अंगावर लाल पट्टा उमटतो.

"लोखंडाची सळई काहून नाही लावत, काका?" मी एकदा विचारलं.

"सळईनं भांडन व्हते. तुराटी निस्ती सांगते."

महादूकाका माझे शेजारी. अनसिंगच्या रस्त्याला लागून आमची वाडी आहे. काकांच्या एवढ्याशा मळ्यात मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. पहाटे पोतं कॅरेजवर टाकून बाजारात न्यायचं, भाजीचा लिलाव, म्हणजे हर्रास, आटोपला की घरी यायचं, एवढाच त्यांचा धंदा. पण हर्रास आणि घर यांच्या मधे काका लाल पट्ट्याच्या गाड्या शोधत फिरतात.

गाडी सापडली की ते तिच्या मालकापाशी जातात. आवाज चढवत नाहीत. खूप मायेनं विचारतात, "भाऊ, घरी कोनी बिमार हाय काय?"

"नाही बा. काहून?"

"मंग एवढ्या घाईनं आला, अन् अर्ध्या घंट्यापासून चाय पिऊन राह्यला न तू!"

काकांचा हिशेब असा की सायकलवाल्याला घासून जायला एकच कारण पुरतं, घरचं आजारपण. बाकी सगळ्या घाया खोट्या. एका जीपवाल्यानं सुटका करून घ्यायला सांगितलं, "व्हय काका, बाप लय बिमार हाय." काकांचा चेहरा पडला. गाव विचारून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोन ठिकाणी एसटी बदलून, मेथीच्या दोन जुड्या घेऊन, काका किन्हीराजाला त्या माणसाच्या दारात. दार बापानंच उघडलं. भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता उठून आले होते. काकांनी त्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि पोरगा काय म्हणाला तेही सांगितलं. पुढचं काकांनी पाहिलं नाही, एसटीची वेळ झाली होती. पण ती जीप आता काकांना लांबून पाहिलं की रस्ता सोडून शेतात उतरते.

आता माझं सांगतो. मी आमच्या घरातला पहिला बी.ए. दारावरच्या पाटीवर नावापुढं तसं लिहिलेलं आहे, आणि ते मी लाजत सांगत नाही. वाशिमला एका कचेरीत कारकून आहे. परवा दिवाळीत मी गाडी घेतली. जुनीच, पण पांढरी. पूजा झाली, नारळ फुटला, आणि मी पहिली चक्कर मारायला निघालो.

घरी आलो तर आई म्हणाली, "गाडीच्या दारावर कुंकू एवढं काहून लावलं?"

ते कुंकू नव्हतं.

मी तरातरा काकांच्या वावरात गेलो. ते वांगी तोडत होते.

"काय बी.ए.," ते म्हणाले, "घरी कोनी बिमार हाय काय?"

"काका, तुमी आमच्या शेजारी राहता! तुमाले माहीत नाही काय?"

"मले माहीत हाय. म्हनून त इचारून राह्यलो."

"तुमी थोडं बाजूला घ्यायचं. गाडी येऊन राह्यली, ऐकू येत नाही काय?"

काकांनी टोपली खाली ठेवली. "बी.ए.त काय शिकवते गा? मांगून येनारानं पुढचा पाहाचा, का पुढच्यानं मांगचा? मले त पाठीले डोये नाहीत."

मी तसाच त्यांच्या घरी तक्रार घेऊन गेलो. शेवंताकाकू एकटीच मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "बस. रागावू नको त्यायच्यावर."

मग तिनं सांगितलं. चार वर्षांपूर्वी ती कॅरेजवर बसून बहिणीकडं अनसिंगला निघाली होती. एक गाडी एवढ्या जवळून गेली की नुसत्या वाऱ्यानं काकू खाली आली. लागलं फार नाही, बांगड्या फुटल्या. पण त्यानंतर ती बसली की काका पावलोपावली मागं वळून पाहायचे, आणि पुढं पाहायचंच राहायचं. दोनदा सायकल नालीत गेली.

"मंग मीच म्हनलं, मले भेव लागते, मी बसत नाही. मी उतरली म्हनून त ते पुढं पाहून राह्यले. सांगजो नको त्यायले."

काका मात्र चार वर्षं तुराटी बांधून सगळ्या रस्त्याला शिकवत होते. रस्ता सुधारला की शेवंता परत बसेल म्हणून.

"रविवारी अनसिंगले भाचीचं साक्षगंध हाय," काकू जुडी घट्ट बांधत म्हणाली. "पाहू."

मी संध्याकाळी काकांना म्हणालो, "काकूला साखरपुड्याला माझ्या गाडीतून नेतो."

"लगन तिचं माह्यासंगं झालं का तुह्या गाडीसंगं?"

"बरं. मग तुमी सायकलवर पुढं चला, मी गाडी घेऊन मागं राहतो. मागचं मी पाहतो."

त्यांनी कॅरेजवरची धूळ हातानं पुसली. मग म्हणाले, "मांगंच राहशीन? समोर निघून त नाही जाशीन?"

"नाही."

"बी.ए. हायेस. शब्द दे."

दिला.

रविवारी निघालो. पातळाला गेरू लागेल म्हणून तुराटी घरी ठेवली होती. काकू हिरवं पातळ नेसून कॅरेजवर एका बाजूनं बसली. मी मागं, पिवळे दिवे लुकलुकत ठेवून. गाडीचा काटा शून्यावरून हलायला तयार नाही. माझ्यामागं दोन ट्रक, एक ट्रॅक्टर, आणि मोटरसायकलींची रांग. एक मोटरसायकलवाला कडेनं येऊन ओरडला, "काहून बे, मयतीत चालला काय?"

"साक्षगंधाले!" मी ओरडलो.

माझी बी.ए.ची सगळी वर्षं धरूनही मला एवढ्या शिव्या पडल्या नसतील. मी शब्द दिला होता, हललो नाही.

पहिल्या वळणापर्यंत काकांची मान दोनदा अर्धी वळली, आणि दोन्ही वेळा सायकल डुगडुगली. मग काकूनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर काका पुढंच पाहत राहिले. मागं पाहायचं काम काकूनं घेतलं. थोड्या थोड्या वेळानं ती वळून माझ्या गाडीकडं पाहायची, आणि त्यांच्या पाठीवर हलकेच थाप मारून म्हणायची,

"मांगंच हाय."