सावडीचा मॅट्रिक

माणूस एकटा जन्माला येतो आणि एकटाच मरतो, हे शास्त्रसंमत आहे. मधल्या काळात त्याला मॅट्रिक मात्र सगळ्यांनी मिळून व्हावं लागतं, हा शोध आमच्या गावानं लावला. गावाचं नाव सांगत नाही. वडगावच्या पश्चिमेला आहे एवढं पुरे. मागची लढाई संपून बरीच वर्षं झाली होती आणि पुढची अजून लागली नव्हती, त्यामुळे लोकांना शिक्षणाचा विचार करायला सवड होती.

तेव्हा गावातली एकूण शिक्षित लोकसंख्या दीड होती. एक अंबाजी, जो मराठी सातवीच्या फायनलला दोनदा बसला होता (दोनदा बसला म्हणजे एकदा बसणाऱ्याच्या दुप्पट अनुभव), आणि अर्धा पोस्टमन, जो आठवड्यातून दोनदा यायचा. साहजिकच शिक्षणाबाबत गावाचा शब्द म्हणजे अंबाजीचा शब्द. अंबाजी बोलायला लागला की म्हशीसुद्धा रवंथ थांबवतात, असं तो स्वतःच सांगायचा.

गावातली सात पोरं सकाळच्या गाडीनं लोणावळ्याच्या हायस्कुलात जायची. त्यांत अंबाजीचा बजरंग होता, आणि कस्तुराबाईचा गेणू होता. गेणूचा बाप वारल्यापासून कस्तुराबाईच्या भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, गाव सावडीनं करत आलं होतं. सावड म्हणजे आज माझ्या खाचरात तुम्ही, उद्या तुमच्या खाचरात मी. बाईकडे हात दोनच, पण ती सगळ्यांच्या खाचरांत ते दोन हात घेऊन उभी राहायची, म्हणून पोरगं शाळेत राहिलं. पोरगं हुशार निघालं. त्याला रेल्वेत तिकीटबाबू व्हायचं होतं, आणि तिकीटबाबू व्हायला मॅट्रिक लागत होतं.

ती सातही पोरं मॅट्रिकच्या वर्गात गेली त्या वर्षी जुलैत शाळेतून नियम आले. विषय सात. सातही विषयांत पास व्हायचं. एका विषयात गेला तर सगळा गेला.

गावाला हे ऐकून धक्काच बसला. ऐन आवणीत, गुडघाभर चिखलात उभा राहून म्हातारा कोंडाजी म्हणाला, "ह्यो कंचा न्याय? एका खाचरात पानी न्हाई टिकलं म्हनून समदं शिवार करपलं, असं कुनी म्हनतंय व्हय?"

अंबाजीनं तिथल्या तिथं पाठ सरळ केली. ज्या वेळी अंबाजी कामातून पाठ सरळ करी त्या वेळी एकतर त्याला विचार सुचलेला असे किंवा तंबाखू खायची असे. या खेपेला दोन्ही होतं. तो म्हणाला, "पोरं सात, इषय सात. एकानं सात खाचरं लावायची म्हंजी कंबरडं मोडनार. सात जनांनी एकेक लावलं तर दुपारच्याला मोकळं. सावड करा!"

ठराव सर्वानुमते पास झाला. विरोधात कोणीच नव्हतं, कारण विरोध करायला हात वर करावा लागला असता आणि सगळ्यांच्या हातांत रोपं होती.

विषयांची वाटणी अंबाजीनं पूर्ण निःपक्षपातीपणे केली. भूमिती बजरंगला दिली, कारण अंबाजीचा बांधावरून दावा चालू होता आणि घरात कोन समजणारा माणूस हवा होता. संस्कृत गुरवाच्या पोराला, कारण ते देवळाला लागूनच राहायचं. अंकगणित दूधवाल्या घरात गेलं (पाण्याचं प्रमाण त्यांना तोंडपाठ). इतिहास-भूगोल कोंडाजीच्या नातवाला मिळाला, कारण त्या घराण्याला चार पिढ्यांची भांडणं जागा आणि सनावळीसकट ठाऊक होती. शास्त्र अशा पोराला दिलं ज्यानं घरचा कंदील पूर्ण उघडला होता. तो पुन्हा बसवता आला नाही हा भाग वेगळा. मराठी सगळ्यांत कमी बोलणाऱ्याला, चुका कमी होतील म्हणून. उरलं इंग्रजी. ते कोणी घेईना, म्हणून गेणूला आलं.

गेणू दबकत म्हणाला, "आबा, मला समदेच इषय येत्यात."

"येत्यात म्हनून काय दुसऱ्याच्या खाचरात शिरशील?" अंबाजी म्हणाला.

गेणूनं इंग्रजीचं पुस्तक उचललं. ज्या गावानं आपल्या आईची आवणी केली, त्या गावाला उलटून बोलायचं कसं?

डिसेंबरात शाळेची चाचणी परीक्षा आली. तिच्यात पास होईल त्याचाच फॉर्म पुढे पुण्याला-मुंबईला जायचा. आमच्या पोरांनी ठराव अक्षरशः पाळला. ज्याचा विषय तो आत बसे आणि बाकीचे सहा आवारातल्या जांभळाखाली बसून राहत. गेणूही बसला. भूमितीच्या पेपराला आत बजरंग पेन्सिल चावतोय हे त्याला खिडकीतून दिसत होतं, तरी बसला. आमच्या पोरांसारखी शिस्त त्या शाळेनं आधी पाहिली नव्हती.

निकाल लागला. आपापल्या विषयात सातही पास झाले (भूमितीत बजरंग काठावर, पण काठ हाही जमिनीचाच भाग असतो). गेणू इंग्रजीत शाळेत पहिला आला. गावानं गूळ वाटला. शाळेनं मात्र सातही जणांना नापास ठरवलं.

अंबाजी धुवट रुमाल बांधून, सात पोरं मागे घेऊन लोणावळ्याला गेला. शाळेत गेणूचा पालक म्हणूनही अंबाजीचंच नाव होतं, कारण कस्तुराबाईला सही येत नव्हती.

"एकूण करा की," तो हेडमास्तरांना म्हणाला. "सात इषय पास हायेत. येक मॅट्रिक पुरा झाला."

"अहो, फॉर्म एका विद्यार्थ्याच्या नावानं जातो," हेडमास्तर म्हणाले.

"मग गावाचं नाव घाला."

"आणि वय काय लिहू गावाचं?"

"देऊळ बांधलं तवापास्नं धरा."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अंबाजी होता तसाच दिसला. मग ते गंभीरपणे म्हणाले, "हे बघा. या गेणूला सगळे विषय येतात, मी स्वतः शिकवलंय त्याला. सोमवारपासून उरलेले सहा पेपर त्याला नव्यानं देतो. पास होईल, खात्री आहे माझी. तुम्ही फक्त पालक म्हणून त्याआधी या कागदावर सही करा."

गेणूनं अंबाजीकडे पाहिलं. त्या पोराच्या तोंडावर जे उजळलं होतं ते बघून कुणीही सही केली असती. अंबाजी म्हणाला, "गावात इचारून सांगतो."

संध्याकाळी देवळापुढे सगळे जमले. आता आमच्या गावाला कुणी कितीही हसो, पण त्या दिवशी गाव शहाण्यासारखं वागलं. कोंडाजी म्हणाला, "बसू दे की पोराला. येक तरी मार्गी लागंल." गुरवानं संस्कृत सोडलं. दूधवाल्यानं अंकगणित सोडलं. होता होता खुद्द बजरंग उठला आणि बापाला म्हणाला, "दादा, करा सही. मला ती भूमिती गळ्यात धोंड झालीया. गेन्याला लय भारी येतीया."

सगळे अंबाजीकडे बघायला लागले.

अंबाजीच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते सांगायलाच पाहिजे, कारण त्यानं ते कुणालाच सांगितलं नाही. सातही नापास होते तोवर गाव मॅट्रिक होतं, आणि गावात बजरंगही आला. एकटा गेणू पास झाला की उरलेले सहा नुसते नापास. त्या सहांत अंबाजीचा पोरगा, म्हणजे दोनदा फायनलला बसलेल्याचा पोरगा. अंबाजी त्या पोरावर जळत होता. जळतोय हे त्याला कळलं, आणि कळल्यावर त्यानं त्यावर एक चांगला शब्द झाकण म्हणून ठेवला.

"सहीचा प्रश्न न्हाई," तो म्हणाला. "तत्त्वाचा हाय. ठराव सर्वानुमते झालाय. उद्या सावडच मोडली तर गाव राहील का?"

एवढं मोठं वाक्य गावात पहिल्यांदाच कुणी बोललं होतं. कस्तुराबाई पुढे आली. "अंबाजी भाऊ, पाया पडते तुमच्या. येवढी सही करा. फुडल्या सालची तुमची समदी आवनी मी येकली करंन."

"तुमच्यावर का माजा राग हाय?" अंबाजी म्हणाला, आणि ते खरंही होतं.

सोमवारी त्याला वडगावला बांधाची तारीख होती. तारीख नसती तर त्यानं दुसरं काही काढलं असतं. लोणावळ्याच्या शाळेत गेणू तीन वाजेपर्यंत ऑफिसच्या दाराशी उभा होता. हेडमास्तर दोनदा बाहेर येऊन बघून गेले. मग शिपायानं दार लावलं.

पुढच्या वर्षी गेणू शाळेत गेला नाही. रेल्वेत मात्र लागला. रुळांखाली खडी सारायला मॅट्रिक लागत नाही, आणि इंग्रजीत पहिला आलेला असला तरी फावडं उलटं धरत नाही. अंबाजी गाडीनं तारखेला जाताना तो कधी कधी रुळाशेजारी दिसायचा. "रामराम, आबा," म्हणायचा, अगदी मनापासून. अंबाजीला त्या रामरामाचा फार त्रास व्हायचा. पुढे तो डब्याच्या दुसऱ्या बाजूला बसायला लागला.

सात जणांत मिळून एक मॅट्रिक करणारं हे गाव वाचून तुम्हाला हसू आलं असेल. येऊ द्या, आम्हालाही येतं. अंबाजीचा मात्र तुम्हाला राग आला असेल, आणि यायलाच हवा. फक्त एवढं आठवून बघा: शेजारचं पोर पास झाल्याचे पेढे तुमच्या हातावर पडले, तेव्हा तुम्ही आधी "शाबास" म्हणालात, की "गणितात किती?" विचारलंत?