तूबा खानमच्या गालिच्यावरचा डाग

माझ्या सासूबाईंच्या डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला आणि माझी झोप उडाली.

तसा मी दुष्ट जावई नाही हो. दवाखान्यात डाळिंबं घेऊन सगळ्यांत आधी मीच हजर होतो. पण डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा सासूबाई (नाव तूबा खानम) आनंदानं म्हणाल्या, "अगंबाई, सगळं कसं लख्ख दिसतंय!" आणि मी मनातल्या मनात दिवस मोजले. नवरोज चार दिवसांवर. सणाला त्या आमच्याकडे येणार, दिवाणखान्यातल्या गालिच्यावर बसणार, आणि तिथला डाग त्यांना लख्ख दिसणार.

डाग माझा होता. बारा वर्षांपूर्वी माहरुखला मागणी घालायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. रिवाजाप्रमाणे ती चहाचा ट्रे घेऊन आली. मी पेला उचलला, तिच्याकडे बघत राहिलो आणि पेला कलंडला. तोही कुठे, तर सासूबाईंनी तीन वर्षं मागावर बसून स्वतः विणलेल्या गालिच्यावर! कोणाच्या लक्षात यायच्या आत मी हळूच सरकून त्या ओल्यावर बसलो आणि निघेपर्यंत हललो नाही. पुढे लग्नात माहरुखबरोबर तो गालिचाच आमच्या घरी आला. त्यावर विणलेल्या बागेत, हौदाच्या काठाशी, सरूच्या झाडाखाली तळहाताएवढा काळपट पट्टा तसाच होता. कोणी पाहुणे आले की मी त्याच्यावर जाऊन बसतो. (सगळ्यांना वाटतं, माझी ती आवडती जागा आहे.) माहरुख त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. हा तिचा मोठेपणा, असं मी धरून चाललो होतो.

गालिचा धुलाईवाल्यांकडे टाकायची सोय नव्हती. ते डाग मालकिणीला बोलावून दाखवतात. म्हणून माहरुख आईला आणायला गेल्याबरोबर मी खालच्या मजल्यावरच्या होजबर काकांकडून त्यांचं गालिचे धुवायचं मशीन मागून आणलं. एका नळीतून साबणाचं गरम पाणी सोडायचं आणि त्याच नळीनं मळ ओढून घ्यायचा.

"पाणी किती लागतं काका?"

"तू पाणीपुरवठा खात्यात आहेस ना फरामर्झ? मग विचारूच नकोस."

आधी व्हॅक्यूमनं धूळ ओढली. त्यात दोन पिस्ते, एक बटण आणि माझा हरवलेला कानातला कापूस निघाला. मग मशीन सुरू केलं, आणि खरं सांगतो, मी डाग विसरलोच. दुपारची वेळ, पडद्यातून येणारं पिवळं ऊन, मशीनची एकसुरी घूंऽऽ आणि पारदर्शक टाकीत चढत जाणारं काळंकुट्ट पाणी. बारा वर्षांचे पाहुणे, पोरांचे पाय, सांडलेली खिचडी, सगळं त्या टाकीत उतरत होतं. आणि खाली बाग उजळत होती. पोपट हिरवा होता हे मला तोवर माहीत नव्हतं! मी त्याला राखाडी कबूतर समजत होतो. हौद निळा झाला. मला तर कारंज्याचा आवाजसुद्धा यायला लागला. (नळी निसटली होती.)

फक्त डाग तसाच. एकदा फिरवलं, चारदा फिरवलं, नऊदा फिरवलं. टाकीत आता पिता येईल इतकं नितळ पाणी येत होतं आणि डाग मात्र ढिम्म. थकून मी तिथेच सरूच्या सावलीत आडवा झालो. डोळा लागला. स्वप्नात मी त्याच बागेत फिरत होतो. हवा गार होती, पोपट बोलत होते आणि तूबा खानम हौदाकाठी बसून शांतपणे विचारत होत्या, "फरामर्झ, हे काय करतोयस?"

"डाग काढतोय, आई."

"कसला डाग?"

"माझा. मागणीच्या दिवशी मी चहा सांडला होता. लपवला. बारा वर्षं त्याच्यावर बसतोय. माफ करा, आई. तुमच्या तीन वर्षांच्या मेहनतीची माती केली मी."

"अगंबाई!" कोणीतरी हसलं, आणि हसणं काही स्वप्नातलं नव्हतं. दारात सासूबाई आणि माहरुख उभ्या होत्या.

"अरे वेड्या, तो डाग नाही," सासूबाई म्हणाल्या. "विणताना माझी लोकर संपली. रंगाऱ्यानं पुढची दिली ती काळपट निघाली. मी तशीच विणली. चूक माझी आहे."

"लहानपणापासून बघतेय मी तो पट्टा," माहरुख म्हणाली.

"मग माझा चहा गेला कुठे?"

"तुझ्या पँटीत!" सासूबाईंना हसू आवरेना. "तू निघालास तेव्हा मागून ओलाचिंब. माहरुखचे बाबा म्हणाले, पोरगा जरा जास्तच घाबरतो, पण चालेल."

मला इतकं हलकं वाटलं! बारा वर्षांचं ओझं उतरलं. पण सासूबाईंचं हसू हळूहळू मावळत गेलं. त्या गालिच्यावर टेकल्या आणि पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तू माझी चूक झाकायला तिथे सरकलास. लोकांना दिसू नये म्हणून. बारा वर्षं तू तिथे बसलास की माझं मन भरून यायचं. त्याच गोष्टीवर मी पोरगी दिली रे तुला."

मी नळीचं टोक पुसायला घेतलं.

"तुझ्याआधी एक दातांचा डॉक्टर आला होता," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या बोट दाखवलंन, 'खानम, इथे रंग चुकलाय.' मी त्याला चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही."

माहरुखनं माझ्याकडे बघितलं. मग टाकीकडे. मग आईकडे.

"निदान खरं तरी बोलला बिचारा," ती म्हणाली. "आता किती दवाखाने आहेत गं त्याचे?"

मी घाईघाईनं मशीन सुरू केलं. पण होजबर काकांचं मशीन चांगल्या प्रतीचं आहे, फारसा आवाज करत नाही; सासूबाईंचं उत्तर मला ऐकू आलंच.

तीन.